झाकणवाल्यांचा कॅमेरा

दोन थोर माणसं पहिल्यांदा भेटतात तेव्हा निदान एकजण दुसऱ्याला नमस्कार करतो, असा माझा समज होता. माझ्या साडूंनी मला पहिल्या भेटीत सांगितलं, "जरा डावीकडे सरका."

माझी मेहुणी तिच्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन प्रथमच घरी आली होती. ती आत आली, तो गृहस्थ उंबऱ्यातच थांबला. त्याने कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या बटव्यातून साबणाच्या डबीएवढी एक रुपेरी वस्तू काढली आणि माझ्यावर रोखली. त्या वस्तूतून दाढ दुखणाऱ्या कासवासारखा आवाज करत एक नळी बाहेर आली. मांजर माळ्यावर गेलं. माझी बायको ओढणी सारखी करून माझ्याशेजारी उभी राहिली आणि आम्ही हसलो. हसलेलेच राहिलो. गाल दुखायला लागले, मेजावरच्या चहावर साय धरली, सायीला सुरकुत्या पडल्या, बाहेर गेलेला पोस्टमन गल्लीचं दुसरं टोक गाठून परत आला. शेवटी आमचा धीर सुटला, हसू ओघळलं आणि नेमका त्याच क्षणी डोळ्यांसमोर पांढरा उजेड फुटला.

गृहस्थाने वस्तूची पाठ उलटवून टपालाच्या तिकिटाएवढ्या पडद्यात पाहिलं. "हलला आहात," असं म्हणून त्याने अंगठ्याने एक बटण दाबलं. म्हणजे माझी ओळख करून देण्याआधीच मी पुसला गेलो होतो.

"दादा, हा डिजिटल आहे," तो मग म्हणाला. "यात रोल नसतो."

लग्न ठरवण्याआधी मेहुणीने आमचं मत विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी, खरं सांगा, कसा वाटला?" मी म्हटलं, "कॅमेरा चांगला आहे." तिला ते कौतुक वाटलं. पुढे त्या दोघांचं लग्न झालं आणि ती वस्तू आमच्या घराण्यात आली. साडूही आले.

साडू बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात तपासनीस होते. एका सरकत्या पट्ट्यावरून दिवसभर झाकणं जात. साडू उंच स्टुलावर बसून ती बघत, आणि कडेला चीर गेलेलं, रंग पसरलेलं, जरा कुठे वाकडं झाकण दिसलं की ते अंगठ्याने टिचकी मारून खालच्या डब्यात उडवत. या कामात ते वाकबगार होते असं त्यांचे साहेब म्हणत. आयुष्यात एकच गोष्ट उत्तम जमणाऱ्या माणसाची एक अडचण असते. तो ती गोष्ट घरी घेऊन येतो. साडू भात खाताना खडा शोधत, पडद्याची शिवण तपासत, सोफ्याखाली वाकून पाय मोजत. माझ्या बायकोने त्यांचं नाव झाकणवाले ठेवलं, अर्थात मेहुणीच्या माघारी. मेहुणीला ते माहीत होतं आणि तीही माघारी तेच म्हणायची, हे आम्हाला फार पुढे कळलं.

कॅमेरा हा त्यांच्या अंगठ्याला सापडलेला दुसरा कारखाना. घरात कुणाचं मूल रांगलं, कुणी वाढदिवसाची मेणबत्ती विझवली, कुणाचा दात पडला, की साडू बटवा उघडत. नळी बाहेर यायची, हिरवा ठिपका लुकलुकायचा, बटण दाबलं जायचं, आणि मग तो यंत्रातला माणूस, कारण आत कुणीतरी आळशी माणूस बसलेला आहे अशीच माझी खात्री होती, जांभई देऊन, चपला शोधून, दार उघडून बाहेर येईपर्यंत प्रसंग उरकलेला असायचा. त्यामुळे त्या काळातल्या आमच्या कौटुंबिक फोटोंत सगळेजण नुकतंच काहीतरी संपल्यासारखे दिसतात. मूल रांगून झालेलं आहे. टाळ्या वाजवून झालेल्या आहेत. मी हसून झालेलो आहे. कॅमेऱ्यातल्या घड्याळाचंही तसंच. पेन्सिलीसारख्या सेलची जोडी बदलली की आतली तारीख पुसून एक जानेवारीवर यायची, आणि सेल इतके वारंवार संपायचे की आमच्या घरात जे काही घडलं ते सगळं एक जानेवारीलाच घडलेलं आहे.

यातलं काहीही साडूंना सांगण्याची सोय नव्हती. ते इंटरनेटवर लिहीत. तिथे एक जागा होती, कॅमेरे विकत घेतलेले लोक तिथे आपापले अनुभव मांडत आणि एकमेकांना तारे देत. साडूंनी 'मालकाचा अनुभव' या मथळ्याखाली आपल्या कॅमेऱ्याबद्दल जितकं लिहिलं होतं तितकं कुणी स्वतःच्या बायकोबद्दल लिहिलं तर ती माहेरी निघून जाईल. गुण कोणते, दोष कोणते, पाचपैकी चार तारे. एक तारा सेलच्या झाकणासाठी कापला होता, कारण ते नीट बसत नसे आणि त्याला रबर लावावं लागे. झाकणाच्या बाबतीत ते तडजोड करत नसत. दर रविवारी ते आम्हाला त्या अनुभवातला नवा मजकूर वाचून दाखवत.

"गुण, क्रमांक सात," ते वाचत. "नको असलेला फोटो एका बटणात जातो. रोल वाया जात नाही."

"आणि हवा असलेला?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"तो राहतो, आई."

सासूबाईंना एक फोटो हवा होता, आणि ही गोष्ट त्याच फोटोची आहे.

माझे सासरे शिंपी होते. कोटाचे शिंपी, म्हणजे जे सदऱ्यांना हात लावत नाहीत आणि पायजमा या शब्दावर तोंड वाकडं करतात त्या जातीचे. दुकान लांबट आणि अरुंद, आत शिरलं की आधी इस्त्रीच्या वाफेचा वास यायचा. मधोमध कापडं बेतायचं टेबल होतं, हातांनी घासून घासून त्याची कड गुळगुळीत झालेली. भिंतीला एक उंच आरसा, त्याच्या खालच्या कोपऱ्यातला पारा उडालेला, कोपऱ्यात माप बघायची पडदा लावलेली खोली, आणि दारात मुंडकं नसलेला लाकडी पुतळा, ज्याला सासरे 'आमचं कायमचं गिऱ्हाईक' म्हणत. हा त्यांचा एकमेव विनोद. आणि तोही ते न हसता करत, कारण त्यांच्या ओठांत टाचण्या असत. कोट अंगावर बेतताना लागतात म्हणून चार-सहा टाचण्या ते कायम ओठांत धरत. जन्मभर तोंडात टाचण्या असलेला माणूस हसायला शिकत नाही. हसला तर टोचेल.

"लग्नाच्या फोटोतही हे असेच आहेत," सासूबाई सांगत. "मला तेव्हाच शंका आली होती, बोहल्यावरही तोंडात टाचण्या घेऊन उभे राहिलेत की काय."

आता सासऱ्यांचे गुडघे गेले होते, सुईत दोरा घालायला डोळे साथ देत नव्हते आणि दुकान बंद करायचं ठरलं होतं. शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी दुकानात जमावं आणि त्यांचा तिथे, त्या टेबलापाशी, एक हसरा फोटो निघावा, एवढीच सासूबाईंची मागणी होती. त्यांनी कधी दागिना मागितला नाही, सहल मागितली नाही. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला त्यांनी सांगूनही ठेवलं होतं. तो जुन्या काळचा, मानेत वाकलेला, तिपाईवर उभा राहणारा कॅमेरा घेऊन आला असता आणि एक रोल काढून गेला असता.

साडूंना हे कळताच ते स्वतः त्याच्याकडे गेले आणि त्याला येऊ नका म्हणून सांगून आले. "आता रोलला कोण विचारतं," ते आम्हाला म्हणाले. "घरचा डिजिटल असताना बाहेरचा माणूस म्हणजे आपलाच अपमान."

"आपला कुणाचा?" माझ्या बायकोने विचारलं.

"घराण्याचा."

शेवटच्या दिवशी आम्ही दुकानात पोचलो तेव्हा कपाटं रिकामी झाली होती. सासरे टेबलापाशी, गुडघे दुमडता येत नव्हते म्हणून स्टुलावर बसून, एका कोटाच्या कॉलरला शेवटचे टाके घालत होते. तो कोट कुणाचाही नव्हता. हात रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचाच जुना कोट उसवून पुन्हा शिवायला घेतला होता. ओठांत टाचण्या होत्या.

साडूंनी बटवा उघडला, सेलच्या झाकणाचं रबर तपासलं आणि नळी बाहेर काढली. कार्डात किती फोटो मावतील असं मी विचारलं. ते म्हणाले, "सर्वोत्तम दर्जा ठेवलाय, त्यामुळे थोडे. त्यातले निम्मे भरलेत."

"कशाने?"

"झाकणांनी."

मला आधी नीट कळलं नाही. साडूंनी आपल्या कारखान्यातल्या झाकणांचे अगदी जवळून फोटो काढले होते, आपल्या 'मालकाचा अनुभव'ला जोडायला. झाकणाच्या कडेच्या रेघा मोजता येतात इतके ते स्वच्छ आले होते म्हणे. ते कार्डातून काढून घ्यायचे राहिले होते.

मग त्यांनी सासऱ्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. "बाबा, इकडे. बाबा, हनुवटी खाली. बाबा, टाचण्या जरा काढता का?" सासऱ्यांनी टाचण्या काढल्या, हातात धरल्या, फोटोसाठी थांबले, यंत्रातला माणूस चपला शोधू लागला, सासऱ्यांचा धीर सुटला, टाचण्या ओठांत परत गेल्या आणि उजेड पडला. असं बऱ्याचदा झालं. साडू प्रत्येक फोटो त्या तिकिटात बघत, मान हलवत, कधी ठेवत, कधी अंगठा चालवत. सासूबाई टेबलाच्या या बाजूला पदर हातात धरून उभ्या होत्या. दर वेळी त्या विचारत, "हसलेत का?" आणि दर वेळी उत्तर यायचं, "शार्प आहे, आई."

अखेर साडूंनी जाहीर केलं की टेबल, शिलाईचं यंत्र, पुतळा आणि बाबा सगळं एका चौकटीत बसवायचं. त्यासाठी मागे जायला हवं. ते कॅमेरा डोळ्यांसमोर धरून मागे मागे सरकू लागले. "अजून जरा," ते स्वतःलाच सांगत होते. "अजून जरा." त्यांच्या मागे माप बघायची खोली होती आणि तिचा पडदा होता. मेहुणी म्हणाली, "अहो." पण ती नेहमीच अहो म्हणायची, त्याकडे लक्ष देण्याची प्रथा नव्हती.

साडू पडद्यात शिरले. पडदा कड्यांसकट, दांड्यासकट खाली आला. आत गिऱ्हाइकांसाठी एक बाक होता, त्यावर साडू बसले, म्हणजे बसले असं सभ्यपणे म्हणू. पाय वर, डोक्यावर पडदा, आणि पडद्यातून एक हात बाहेर, त्या हातात कॅमेरा. पडताना त्यांनी बटण दाबलं होतं.

सासरे हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसताना पाहिलं. आधी त्यांनी टाचण्या ओठांतून काढून टेबलावर ठेवल्या, कारण शिस्त म्हणजे शिस्त, आणि मग ते असे हसले की त्यांना डोळ्यांवरचा चष्मा काढावा लागला. एक हात टेबलावर, दुसरा पोटावर. "कायमची गिऱ्हाइकं," ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन झाली." आणि तेव्हा, त्याच घटकेला, यंत्रातल्या आळशी माणसाला एकदाची चप्पल सापडली. उजेड फुटला.

जन्मभर उशिरा येणारा तो माणूस एकदाच वेळेवर आला होता.

आम्ही साडूंना पडद्यातून बाहेर काढलं. ते लाल झाले होते. त्यांनी आधी कॅमेरा तपासला, मग स्वतःला. मेहुणीने त्या तिकिटात डोकावलं आणि तिने नवऱ्याच्या हातातून कॅमेरा घेऊन आईकडे दिला. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि कॅमेऱ्याचा पडदा नाकाजवळ धरला. फोटो तिरका होता. एका कोपऱ्यात पडद्याची काळी घडी होती. पुतळा झुकल्यासारखा दिसत होता. मधे सासरे होते, जरा पुसट, हात हललेला, आणि हसणारे.

"हाच," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, हा ठेवा."

"आई, हा हललाय," साडू म्हणाले.

"असू दे."

"फोकसही गेलाय. पडदा आलाय मधे. लोक विचारतील हा काय प्रकार म्हणून."

"कोण लोक?" माझी बायको म्हणाली.

साडूंनी कॅमेरा हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्टुलावर बसल्यावर यायचं तसं काहीतरी आलं. "बाबा आता मोकळे झालेत ना, हसायला लागलेत. याच्यापेक्षा चांगला काढतो मी, सरळ. एकच मिनिट. फक्त कार्ड भरलंय."

मी म्हणणार होतो की एक झाकण पुसा. कुणीही तेच म्हणालं असतं. पण झाकणं शार्प होती. झाकणांत दोष नव्हता. दोष असलेला फोटो एकच होता, आणि वाकडी वस्तू समोर आली की ती डब्यात उडवायची हे त्या अंगठ्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तसंही तो फोटो म्हणजे त्यांच्या पडण्याचा पुरावा होता, हेही मी त्यांच्या खात्यावर मांडतो. अंगठा खाली गेला. कॅमेरा एकदा टिक् वाजला.

"हं," साडू म्हणाले, "बाबा, आता पुन्हा एकदा तसंच हसा."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी टेबलावरच्या टाचण्या एकेक करून उचलल्या आणि ओठांत धरल्या.

तो फोटो उत्तम आला. सरळ, स्वच्छ, पुतळा जागेवर, टेबलाची कड सुरीसारखी. सासूबाईंनी तो पाहिलाही नाही. त्यांनी खाली पडलेल्या पडद्याची घडी घातली आणि विचारलं, "झालं का तुमचं?"

घरी परतताना मेहुणी नवऱ्याच्या पुढे चालत होती. साडू एकटेच मागे, बटव्यावर हात ठेवून. मला त्यांची दया आली असती, पण वाटेत त्यांनी मला गाठून सांगितलं, "दादा, आईंना तांत्रिक बाजू कळत नाही," आणि तो प्रश्न मिटला.

नंतर मात्र त्यांना कुठेतरी लागलं असावं. ते कार्ड घेऊन एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने सांगितलं की पुसलेला फोटो कित्येकदा परत मिळतो. फक्त त्याच्या जागी दुसरा फोटो काढलेला नसावा. साडूंनी त्याच्या जागी दुसरा काढलेला होता, आणि तो सर्वोत्तम दर्जाचा होता.

त्यानंतर ते दर रविवारी कार्ड रिकामं करून सासुरवाडीला यायचे. सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असत. साडू समोर बसून त्यांना विनोद सांगत. हे विनोद त्यांनी कारखान्यातून गोळा केले होते आणि तिथेही कुणी त्यांना हसलं नसणार. एकदा त्यांनी तिथल्या स्वयंपाकघराच्या दारात मुद्दाम घसरून पाहिलं. सासरे म्हणाले, "लागलं का?" आणि पुन्हा बाहेर बघू लागले. दुकान नव्हतं, कोट नव्हते, तरी ओठ मात्र तसेच मिटलेले, सवयीने. मुद्दाम पडणाऱ्याला कुणी हसत नाही, हे साडूंना सांगावं असं मला अनेकदा वाटलं, पण ते ऐकून त्यांनी मुद्दाम न पडण्याचा सराव सुरू केला असता.

पुढच्या वर्षी सासरे गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता.

भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून साडू दुकानातला तो उत्तम फोटो मोठा करून घेऊन आले. खरोखर इतका स्वच्छ की ओठांतल्या टाचण्या मोजता येत होत्या. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला.

"ह्यात टाचण्या आहेत," त्या म्हणाल्या.

"आई, पण डिटेल बघा."

"बघितलं की. जन्मभर बघितलं. आता भिंतीवर नको."

साडूंनी तो फोटो परत नेला. कुठे ठेवला ते मेहुणीलाही माहीत नाही. पण काही दिवसांनी माझ्या बायकोला त्या इंटरनेटवरच्या जागी 'मालकाचा अनुभव' दिसला. चार ताऱ्यांचे साडेतीन झाले होते. दोषांच्या यादीत, सेलच्या झाकणाच्या खाली, एक ओळ वाढली होती: पुसलेला फोटो परत येत नाही. एवढंच. कुणाचा फोटो, ते लिहिलं नव्हतं. माझ्या माहितीत त्या माणसाने आयुष्यात मागितलेली ही एकमेव माफी, आणि तीही अशा ठिकाणी की जिथे सासूबाई कधी जाणार नव्हत्या. वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी खाली लिहिलं होतं की हा दोष सगळ्याच कॅमेऱ्यांत आहे, त्यासाठी तारा कापणं बरोबर नाही.

भिंतीवर आता जो फोटो आहे तो कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने सासऱ्यांच्या बसच्या पासासाठी काढला होता. मोठा करताना तो पुसट झाला. त्यात सासरे हसत नाहीत.